आंब्यावरील बाशिंग : त्याची ओळख, बांडगुळापासून भेद आणि घरीं लावण्याची रीत

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगास, जेथें देश संपून घाटमाथा सुरू होतो, तेथील जुन्या आंब्यांच्या, हिरड्यांच्या व जांभळींच्या खोडांकडे लक्षपूर्वक पाहिलें असतां कित्येक झाडांस वाळक्या, तपकिरी, कागदासारख्या पानांचा वेढा पडलेला दिसतो. मृगाचा पाऊस लागला म्हणजे त्याच वेढ्यांतून हिरवींगार, खोल कातरलेलीं, दीड-दोन हात लांबीचीं पानें बाहेर पडतात. आणि थंडी सरतां सरतां तीं पुन: वाळून जातात. या वनस्पतीस आपल्याकडे बाशिंग म्हणतात. कोणी तिला वांदरबाशिंग, तर कोणी अश्वकत्री असेंही म्हणतात.

हें बाशिंग बहुतेकांच्या डोळ्यांखालून रोज जातें. परंतु त्याचा स्वभाव फारच थोड्यांस ठाऊक असतो. त्यामुळें बागांतून एक विपरीत प्रकार घडतो. आंब्याची साफसफाई करावयास गडी लावले म्हणजे ते वाळकें दिसणारें बाशिंग कोयत्यानें खरडून टाकतात, आणि त्याच झाडाच्या शेंड्याकडे जें हिरवें, टवटवीत बांडगूळ बसलेलें असतें तें तसेंच राहूं देतात. वाळलें तें रोगट आणि हिरवें तें निरोगी, हा सामान्य हिशेब येथें अगदीं उलटा पडतो. जें निरुपद्रवी तें जातें व जें झाडाचा रस शोषतें तें राहतें. पिढ्यान्पिढ्या राखलेल्या आंब्याचें यांत नुकसान होतें, म्हणून या दोहोंतील भेद प्रत्येक बागाइतदारास पक्का ठाऊक असला पाहिजे. तो भेद सांगावा व त्याबरोबरच हें सुंदर रोप घराच्या अंगणांत कसें वाढवावें हेंही सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

नांव व पूर्वपीठिका

लग्नांत नवरदेवाच्या कपाळावर जसें बाशिंग उभें राहतें, तशीं या वनस्पतीचीं वाळकीं पानें खोडास लागून, वरच्या बाजूस उघडीं, उभीं असतात. हें साम्य पाहिलें म्हणजे नांव सहज पटतें. शास्त्रज्ञ तिला ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया असें म्हणतात. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ओक वृक्षाच्या पानासारखें पान असलेली असा आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत तिला क्वेर्सिफोलियम हें नांव दिलें, तें याच वाळक्या पानाच्या आकारावरून. त्याच्याही आधीं मलबारांतील डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या, १६७८ ते १६९३ या काळांत छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथांत शेवटच्या खंडांत तिचें चित्र आलेलें आहे. मुंबई इलाख्यांतील नेच्यांचें स्वतंत्र पुस्तक फादर ब्लॅटर व डाल्मेडा यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. या वनस्पतीचा प्रसार हिंदुस्थान व सिंहलद्वीपापासून आग्नेय आशियांतून फिजी बेटें व ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत आहे. म्हणजे भीमाशंकरच्या रानांतील हें रोप अर्ध्या उष्ण कटिबंधाचें रहिवासी आहे.

बाशिंग हा एक नेचा आहे. नेच्यांस फूल येत नाहीं, फळ येत नाहीं व बीही येत नाहीं. पानांच्या पाठीवर धुळीसारखे बारीक बीजाणू तयार होतात व त्यांपासून नवीं रोपें होतात. बहुतेक नेचे ओलसर जमिनींत वाढतात. बाशिंग मात्र झाडाच्या सालीवर किंवा उघड्या कातळावर वाढतें. दुसऱ्या झाडावर राहणाऱ्या, पण त्या झाडाचा रस न घेणाऱ्या वनस्पतींस अपिवनस्पति म्हणतात. वैशाख-ज्येष्ठांत ज्याचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात तें सीतेची वेणी नांवाचें आमरही याच वर्गांतलें आहे.

ओळखीच्या खुणा

बाशिंग ओळखण्यास चार खुणा पुरेशा आहेत.

पहिली खूण म्हणजे खोड. याचें खोड उभें नसून सालीवर आडवें सरपटत जातें. तें बोटाएवढें किंवा त्याहून जाड, मांसल असून त्यावर तपकिरी रंगाचे मऊ, लोंकरीसारखे खवले दाट असतात. हात लावला असतां मांजराच्या पाठीवर हात फिरविल्यासारखें वाटतें.

दुसरी खूण म्हणजे दोन तऱ्हेचीं पानें. यांतील पहिल्या तऱ्हेचीं पानें बिनदेठाचीं, रुंद, कडेस उथळ कातरलेलीं व वीत-दीड वीत लांबीचीं असतात. तीं कोंवळेपणीं हिरवीं असतात, परंतु लवकरच वाळून तपकिरी होतात आणि वाळल्यावरही गळत नाहींत. एकाहून अधिक वर्षें जागच्या जागीं राहतात. यांस आपण घरटीपानें म्हणूं. दुसऱ्या तऱ्हेचीं पानें लांब देठाचीं, मधल्या शिरेपर्यंत खोल विभागलेलीं व मोठीं असतात. यांस हिरवीं पानें म्हणूं. अन्न तयार करणें व बीजाणू धरणें हें काम यांचें.

तिसरी खूण हिरव्या पानाच्या पाठीवर असते. पावसाळा अर्धा झाल्यावर पान उलटून पाहावें. प्रत्येक खंडांतील बाजूच्या दोन शिरांमध्यें बारीक गोल ठिपक्यांच्या दोन सरळ ओळी दिसतात. हे बीजाणूंचे पुंजके होत. अजाण मनुष्य त्यांस तांबेरा समजतो; परंतु तांबेऱ्याचे ठिपके कसेही विखुरलेले असतात, आणि हे आंखून काढल्यासारखे रांगेंत असतात.

चौथी खूण कोरड्या दिवसांतील. थंडीच्या अखेरीस हिरव्या पानांचे खंड गळून पडतात व त्यांचे मधले ताठ दांडे कांहीं काळ तसेच उभे राहतात. घरटीपानें व हे उघडे दांडे एवढेंच मग झाडावर दिसतें, आणि रोप मेलें असें वाटतें. तें मेलेलें नसतें. जाड खोडांत पाणी व अन्न सांठवून तें पावसाची वाट पाहत असतें.

याच झाडांवर पावसाळ्यांत अखंड, पातळ, जिभेसारखीं पानें असलेले मायक्रोसोरम जातीचे दुसरे नेचेही उगवतात. त्यांस घरटीपानें नसतात, म्हणून त्यांचा बाशिंगाशीं घोंटाळा होण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या रोपवाटिकांतून सांबरशिंगी नेचा या नांवानें जें रोप विकावयास असतें त्यास मात्र घरटीपानांसारखीं ढालीच्या आकाराचीं पानें असतात. तें वेगळ्या कुळांतलें नाहीं. परंतु त्याचीं हिरवीं पानें शिंगांसारखीं फुटलेलीं असतात व त्यास सरपटणारें जाड खोड नसतें.

बाशिंग आणि बांडगूळ

आतां मुख्य भेदाकडे वळूं. बांडगूळ हें फूल-फळ येणारें झुडूप आहे. त्याचीं पानें जाड, चामड्यासारखीं व साधीं असतात. फुलें नळीसारखीं, नारिंगी-तांबूस असतात. आणि फळाच्या आंत चिकट गर असतो. फुलटोचा नांवाचा चिमणीहूनही लहान पक्षी हीं फळें खातो व चिकट बीं फांदीवर टाकतो. बीं रुजलें म्हणजे त्याचें मूळ सालींतून आंत शिरून थेट झाडाच्या लांकडांत पोहोंचतें, आणि झाडानें जमिनींतून ओढलेलें पाणी व क्षार तें परस्पर काढून घेतें. जेथें तें चिकटतें तेथें फांदीला गांठ येते. गांठीच्या पुढची फांदी हळूहळू बारीक होत जाऊन वाळते. एका झाडावर अशीं दहा-वीस बांडगुळें झालीं कीं मोहोर कमी होतो व झाड वठूं लागतें.

बाशिंगाचीं मुळें सालीच्या आंत शिरत नाहींत. तीं सालीच्या भेगांत व घरटीपानांत सांठलेल्या कुजक्या पाल्यांत पसरतात. शंका असल्यास बाशिंगाचा एक लहानसा भाग हातानें उचलून पाहावा. तो साल न फाडतां सुटून येतो व खालची साल अखंड दिसते. बांडगूळ तसें उपटून येत नाहीं. ओढल्यास तुटतें आणि आंत राहिलेल्या भागापासून पुन: फुटतें.

सोपी परीक्षा अशी. फाल्गुन-चैत्रांत बागेंत एक फेरी मारावी. फांदीच्या टोकाकडे, झाडाच्या पानाहून वेगळ्या पानाचा हिरवा झुबका असेल, त्याच्या बुडाशीं गांठ असेल, तर तें बांडगूळ. खोडावर किंवा जाड फांदीच्या बेचक्यांत तपकिरी कागदी पानें व उघडे दांडे असतील, तर तें बाशिंग. हीच वेळ पाहणीस उत्तम. कारण पावसाळ्यांत सर्वच हिरवें असतें व डोळा फसतो.

बांडगुळावर उपाय एकच आहे : फळें धरण्यापूर्वीं तें काढणें. नुसतें झुडूप छाटून भागत नाहीं. फांदी बारीक असेल तर गांठीच्या खालीं सुमारें एक वीत अंतर राखून फांदीच कापावी, म्हणजे आंत पसरलेलीं मुळेंही जातात. कापलेल्या जागीं १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणांत केलेला बोर्डो मलम लावावा. मोरचूद व चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावा, भांडीं मातीचीं, लांकडाचीं किंवा प्लॅस्टिकचीं घ्यावींत; लोखंडाचें भांडें वापरूं नये. काढलेलीं बांडगुळें झाडाखालीं न टाकतां गोळा करून जाळावींत.

बाशिंग काढावें कीं राखावें, याचें उत्तर जागेवर अवलंबून आहे. मुख्य खोडावर व जाड फांद्यांवर तें असेल तर खुशाल राखावें. झाडाचें अन्न तें घेत नाहीं. परंतु पावसाळ्यांत भिजलेल्या पाल्यासह त्याचा मोठा गड्डा पुष्कळ जड होतो. म्हणून पोखरलेल्या किंवा बारीक फळफांदीवर तो असेल तर वाऱ्यानें फांदी मोडण्याचा संभव असतो. कुजलेल्या बेचक्यांतही तो ओल धरून ठेवतो. अशा ठिकाणचें बाशिंग अवश्य काढावें. मात्र तें फेंकून न देतां खालीं सांगितल्याप्रमाणें दुसरीकडे लावावें.

बाशिंग जगतें कसें

जमिनीशीं संबंध नसलेलें रोप पोसतें कसें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. याचें उत्तर त्या वाळक्या घरटीपानांत आहे. हीं पानें खोडाशीं मिळून एक टोपलें तयार करतात. झाडाचा गळलेला पाला, सालीचे कण, वाऱ्यानें आलेली धूळ, पक्ष्यांची शीट व किडा-मुंगीचे अवशेष त्यांत पडतात, पावसानें भिजतात व कुजतात. असें हें शेणखतासारखें काळें खत झाडाच्या उंचीवर, हळूहळू जमत जातें. बाशिंगाचीं मुळें त्यांतच वाढतात. म्हणजे आपण जसा उकिरडा राखतों, तसा हा नेचाही स्वत:चा उकिरडा स्वत:च राखतो. घरटीपानें वाळकीं दिसतात म्हणून जो तीं तोडून टाकतो, तो त्या रोपाचा खतखड्डाच मोडतो. घरीं बाशिंग लावणारांनीं हा एक नियम कधींही विसरूं नये.

यावरून त्यास काय हवें तेंही कळतें : मुळांभोंवतीं खेळती हवा, पावसाळ्यांत भरपूर ओल, ओल लगेच निथळण्याची सोय आणि झाडाखालील विरळ सावली. चिखल, खोल कुंडी व दाट अंधार या तीन गोष्टी त्यास मारक आहेत.

घरीं लावण्याची रीत

लागणीस उत्तम काळ म्हणजे पावसाची नियमित सुरुवात झाल्यापासून आषाढ अखेरपर्यंतचा. त्या वेळीं खोडाचा शेंडा वाढीस लागलेला असतो व नवीन मुळें लवकर धरतात.

सरपटणाऱ्या खोडाचा १० ते १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा धारदार चाकूनें कापून घ्यावा. त्यास वाढता शेंडा असलाच पाहिजे. शेंड्याचा भाग खवल्यांनीं झांकलेला, किंचित फिका व टोंकदार असतो. त्या तुकड्यावर एक-दोन घरटीपानें व एखादें हिरवें पान असल्यास अधिक चांगलें. कापलेल्या तोंडास लांकडी कोळशाची पूड लावून तुकडा एक दिवस सावलींत ठेवावा, म्हणजे जखम सुकते व कुज लागत नाहीं.

लावण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला व सर्वांत सोपा प्रकार म्हणजे अंगणांतील किंवा बांधावरील झाडावरच लावणें. आंबा, जांभूळ, उंबर, हिरडा अशीं खरखरीत व भेगाळ सालीचीं झाडें निवडावींत. ज्यांची साल सोलून निघते तीं झाडें, उदाहरणार्थ पेरू व निलगिरी, उपयोगाचीं नाहींत. खोडाच्या पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील बाजूस, माणसाच्या उंचीएवढ्या जागीं, नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर ठेवून त्यावर तुकडा बसवावा व काथ्यानें किंवा सुतळीनें घट्ट बांधावा. तार वापरूं नये. ती झाडाच्या सालींत रुतते. शेंडा वरच्या बाजूस किंवा आडवा असावा. काथ्या कुजून तुटेपर्यंत मुळांनीं साल धरलेली असते.

दुसरा प्रकार फळीवर लावण्याचा. सुमारें ३० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर लांब अशी जाड सालीसकट फळी किंवा जुना ओंडका घ्यावा, त्यावर शेंड्यांचा व कुजलेल्या पाल्याचा थर देऊन तुकडा वरीलप्रमाणेंच बांधावा, व ओसरीच्या खांबास टांगावा. वाड्याच्या पडवींत हा प्रकार फार शोभतो.

तिसरा प्रकार टोपलींत किंवा उथळ, भोंकांच्या कुंडींत लावण्याचा. खालीं विटांचे व कौलांचे तुकडे, वर दोन भाग नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, एक भाग लांकडी कोळसा व एक भाग चांगला कुजलेला पाला असें मिश्रण भरावें. माती घालूं नये. खोड मिश्रणाच्या वरच ठेवावें, कधींही पुरूं नये. पुरलेलें खोड हमखास कुजतें. तें हलूं नये म्हणून दोन बांबूच्या कामट्यांनीं दाबून ठेवावें.

पाणी, खत व ऊन

पाण्याचा नियम गांवागणिक बदलतो. आहुपे, घाटघर, आंबोली, दुर्गावाडी अशा घाटमाथ्यावरील गांवीं चार महिने पाऊस व धुकें यांमुळें झाड आपोआप भिजतें. तेथें पावसाळ्यांत पाणी घालण्याची गरजच नाहीं. उलट मंचर, नारायणगांव, ओतूर या बाजूस पाऊस थोडा व खंडाचा. तेथें पावसाची उघडीप चार दिवसांहून अधिक झाली तर सकाळीं झारीनें रोप भिजवावें. त्याहून पूर्वेस, बेल्हे भागाकडे, कोरडा वारा फार असल्यामुळें उघड्या झाडापेक्षां घराची ओसरी किंवा विहिरीजवळची दाट सावली बरी.

पावसाळा संपल्यावर पाणी हळूहळू कमी करावें. थंडींत आठ-दहा दिवसांनीं एकदां पुरे. उन्हाळ्यांत दोन मार्ग आहेत. रोपास रानांतल्याप्रमाणें विश्रांति द्यावयाची असेल तर पंधरा दिवसांनीं एकदां खोड भिजेल इतकेंच पाणी शिंपडावें. पानें गळतील, पण मृगांत पुन: जोमानें येतील. बारमाही हिरवें ठेवावयाचें असेल तर दाट सावलींत ठेवून आठवड्यांतून दोन-तीनदां भिजवावें. झाडावर लावलेल्या बाशिंगास पहिला मार्ग योग्य, ओसरींतल्यास दुसरा. बोअरचें पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा करपतात. अशा गांवीं पागोळ्यांचें पाणी सांठवून वापरावें.

खत फार लागत नाहीं. जून ते सप्टेंबर या काळांत ताज्या शेणाचें पाणी खूप पातळ करून, फडक्यांतून गाळून, पंधरा दिवसांनीं एकदां घरटीपानांच्या आंत घालावें. त्याच पानांत मधून मधून मूठभर कुजलेला पाला टाकला म्हणजे रानांतील व्यवस्थेचीच नक्कल होते. रासायनिक खत कोरडें घालूं नये. त्यानें कोंवळीं मुळें जळतात.

सकाळचें कोंवळें ऊन चालतें, नव्हे, हवेंच असतें. अगदीं अंधारांत पानें लांब, लुळीं व फिकीं होतात. दुपारनंतरचें पश्चिमेचें ऊन मात्र टाळावें.

बीजाणूंपासून रोपें

ज्यांस पुष्कळ रोपें हवीं आहेत व धीर आहे त्यांनीं हा मार्ग धरावा. भाद्रपद-आश्विनांत पाठीवरचे ठिपके तपकिरी झालेलें पान तोडून कोऱ्या कागदांत घडी करून ठेवावें. दोन-तीन दिवसांत कागदावर बारीक पूड पडते. एक भाजलेली वीट उकळत्या पाण्यांत घालून निर्जंतुक करावी, थंड झाल्यावर पाण्याच्या थाळींत ठेवावी, तिच्यावर पूड अगदीं विरळ भुरभुरावी व वर कांचेचें भांडें पालथें घालावें. थाळींतील पाणी आटूं देऊं नये. जागा उजेडाची, पण ऊन नसलेली असावी.

कांहीं आठवड्यांनीं विटेवर हिरवी साय दिसूं लागते. जवळून पाहिल्यास तींत बदामाच्या आकाराचे चिमुकले पापुद्रे दिसतात. हीं अद्याप बाशिंगाचीं रोपें नव्हेत. या पापुद्र्यांवर नर व मादी अवयव तयार होतात, आणि पाण्याच्या थेंबांतून पोहत जाऊन नरबीज मादीबीजास मिळतें, तेव्हांच खरें रोप जन्मास येतें. म्हणून या काळांत वीट ओली असणें अत्यावश्यक आहे. नेच्यांत अशा दोन पिढ्या आळीपाळीनें येतात हें जर्मन शास्त्रज्ञ होफमाइस्टर यानें १८५१ सालीं सिद्ध केलें. लहान रोपांस तीन-चार पानें आलीं म्हणजे चिमट्यानें उचलून पाल्याच्या व शेंड्याच्या मिश्रणावर लावावीं. घरटीपानें धरण्याजोगें रोप होण्यास कांहीं वर्षें लागतात. आंब्याच्या कोयीपेक्षां हें काम अधिक सोशिकपणाचें आहे.

कीड व कुज

बाशिंगास रोग थोडे. पानांच्या शिरांवर तपकिरी खवलेकीड बसल्यास ओल्या फडक्यानें पुसून काढावी. कोंवळे शेंडे गोगलगाई खातात. पावसाळ्यांत रात्रीं कंदील घेऊन त्या वेंचाव्या. खोड मऊ पडून वास येऊं लागला तर पाणी जास्त झालें असें समजावें. कुजका भाग निरोगी भागापर्यंत कापून, कोळशाची पूड लावून रोप पुन: बांधावें. तेलकट औषधें नेच्याच्या पानांवर फवारूं नयेत. पानें काळीं पडतात. द्राक्षबागेजवळ रोप असेल तर फवारणीच्या दिवशीं तें दूर हलवावें किंवा झांकावें.

रोपें कोठून आणावींत

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें व आंबेगांव तालुक्यांतील घाटमाथ्याचा बराच भाग त्यांत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांतून वनस्पति काढून आणण्यास मनाई आहे. देवरायांतून तर पानही न तोडण्याची आपल्या लोकांची चाल कायद्याहून जुनी आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतून या चालीचें शास्त्रीय मोल जगापुढें आलें. तेव्हां रानांतून बाशिंग आणणें हें कायद्यास व रीतीस दोहोंसही सोडून आहे.

याचें दुसरेंही कारण आहे. तामिळनाडूंतील कोल्ली डोंगरांत याच वनस्पतीचें खोड गुडघेदुखीवर म्हणून बाजारांत विकतात व त्याचें सार करून पितात. आपल्याकडेही औषधासाठीं तें ओरबाडून नेणारे लोक येतात. ज्या खोडावर शेंडा राहिला नाहीं तें पुन: वाढण्यास फार काळ लागतो, आणि मोठा गड्डा तयार होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात. वैद्याच्या सल्ल्यावांचून हें खोड पोटांत घेऊंही नये.

आपल्याच मळ्यांतील आंब्यावरचा, पडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीवरचा, अथवा शेजाऱ्यानें राजीखुशीनें दिलेला तुकडा हाच योग्य मार्ग. वादळांत जुनें झाड उन्मळून पडलें तर सरपण करण्यापूर्वीं त्यावरील बाशिंग उतरवून घ्यावें. एका मोठ्या गड्ड्यांतून तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काढूं नये. रोपें आणून, लावून, पारखून पाहण्याची रीत या भागास नवी नाहीं. १८३८ पासून दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक असलेले डॉ. गिब्सन यांच्या देखरेखीखालीं जुन्नरजवळ हिवरे येथेंही बाग होती. तेव्हां सरकारनें जें केलें तें आज आपण आपापल्या अंगणांत करूं शकतों.

वर्षाचीं कामें

ज्येष्ठ-आषाढ : तुकडे काढणें, बांधणें व नवी लागण. श्रावण-भाद्रपद : शेणपाणी देणें, गोगलगाई वेंचणें. आश्विन-कार्तिक : बीजाणू गोळा करणें, पाणी कमी करीत जाणें. मार्गशीर्ष-माघ : विश्रांति, गळलेले खंड झाडून काढावे, पण घरटीपानांस हात लावूं नये. फाल्गुन-चैत्र : बागेंतील प्रत्येक झाडाची पाहणी, बांडगुळांवर चुन्याची खूण करून तीं फळें धरण्यापूर्वीं कापणें. वैशाख : दुबळ्या फांद्यांवरील बाशिंग कोठें हलवावयाचें तें ठरवून ठेवणें.

शेवटीं बागाइतदार बंधूंस एवढीच विनंती कीं, येत्या साफसफाईच्या वेळीं गड्यांच्या हातीं कोयता देण्यापूर्वीं त्यांस झाडाखालीं उभें करून हीं दोन्हीं रोपें बोटानें दाखवावीं. काय कापावयाचें व काय ठेवावयाचें हें ज्याच्या हातांत कोयता आहे त्यास कळलें, म्हणजे आंबाही वांचेल आणि त्याच्या खोडावरचें बाशिंगही वांचेल.